'डिस्कस अबाउट' जाता जात नाही? सकर्मक-अकर्मकचा घोळ मुळातून सोडवा

'वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम.' 'शी मॅरीड विथ अ डॉक्टर.' 'आय रीच्ड टू द स्टेशन.' 'वेट मी.' 'प्लीज एक्सप्लेन मी.' 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड.'

ही सहा वाक्यं मराठी माध्यमाच्या वहीत सापडतात, तशीच इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांच्या ऑफिसच्या मेलमध्येही. दुरुस्त करून दिली की तेवढ्यापुरती सुधारतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा हजर होतात. कारण दुरुस्ती बहुतेक वेळा प्रीपोझिशनची होते: 'डिस्कसपुढे अबाउट लावायचं नाही, पाठ करा.' बिघाड प्रीपोझिशनमध्ये नसतोच. तो एक पायरी आधी, या क्रियापदाला कर्म थेट लागतं की नाही हे ठरवताना झालेला असतो. ती पायरी सुधारली की अर्ध्याहून जास्त प्रीपोझिशन आपोआप जागेवर येतात.

'काय?' विचारून उत्तर का चुकतं

शाळेत शिकवलेली चाचणी सगळ्यांना पाठ असते: क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' विचारा, उत्तर आलं तर सकर्मक, नाही आलं तर अकर्मक. मराठी वाक्याला ती बऱ्यापैकी लागू पडते. पण इंग्रजी वाक्याला लावताना आपण आधी मनात त्याचं मराठी करतो आणि प्रश्न त्या मराठीला विचारतो. उत्तर येतं ते मराठी क्रियापदाचं, आणि ते आपण इंग्रजी क्रियापदाच्या नावावर लिहून मोकळे होतो.

'ही रीच्ड द स्टेशन' घ्या. मराठीत 'तो स्टेशनवर पोहोचला'. काय पोहोचला? उत्तर नाही. म्हणून अकर्मक लिहिलं जातं. इंग्रजीत मात्र 'रीच्ड'ला 'द स्टेशन' थेट चिकटलं आहे, मध्ये काही नाही. ते कर्म आहे आणि क्रियापद सकर्मक आहे. याच अर्थाचं 'अराइव्ह' अकर्मक आहे, म्हणून त्याला 'ॲट द स्टेशन' लागतं. अर्थ एकच, जात वेगळी. अर्थावरून जात ठरत नाही याचा याहून सोपा पुरावा नाही.

आता उलटं: 'शी लिसन्ड टू द साँग.' मराठीत 'तिने गाणं ऐकलं'. काय ऐकलं? गाणं. झालं, सकर्मक! पण इंग्रजीत 'द साँग' हे 'टू'च्या ताब्यात आहे, क्रियापदाच्या नाही. शालेय व्याकरणाच्या हिशेबाने 'लिसन' अकर्मक.

तिसरा सापळा परीक्षेत हमखास येतो: 'ही बिकेम अ मिनिस्टर.' काय झाला? मंत्री. इथे 'काय?'ला उत्तर मिळतं, प्रीपोझिशनही नाही, तरी क्रियापद सकर्मक नाही. मंत्री आणि 'ही' एकच माणूस आहे. 'अ मिनिस्टर' हे कर्म नसून पूरक आहे. 'बी', 'बिकम', 'सीम' ही सगळी याच घरातली. चौथा सापळा 'ही स्लेप्ट द होल डे' किंवा 'वी वॉक्ड टू माइल्स' असा असतो. क्रियापदामागोमाग उघडं नाम दिसतं, पण ते 'किती वेळ?' किंवा 'किती अंतर?' याचं उत्तर देतं. ते क्रियाविशेषणाचं काम करतंय.

चाचणी या क्रमाने लावा

१. मराठी बाजूला ठेवा. इंग्रजी वाक्यात क्रियापदाच्या लगेच पुढे काय आहे ते बघा. प्रीपोझिशन असेल तर त्यापुढचं नाम क्रियापदाचं कर्म नाही.

२. थेट नाम असेल तर त्याच्या जागी 'हिम', 'देम' किंवा 'इट' घालून बघा. 'ही रीच्ड इट' जमतं. 'ही बिकेम हिम' म्हटलं तर अर्थच उडतो. 'ही स्लेप्ट इट' हेही होत नाही.

३. शंका उरली तर पॅसिव्ह (कर्मणी रचना) करा. 'द प्रॉब्लेम वॉज डिस्कस्ड' होतं, म्हणजे 'डिस्कस' सकर्मक. 'द होल डे वॉज स्लेप्ट' होत नाही.

तिसऱ्या पायरीवर आंधळा भरवसा नको. ती एकाच दिशेने चालते. प्रीपोझिशन न उरता पॅसिव्ह झालं तर क्रियापद नक्की सकर्मक. पण झालं नाही म्हणून ते अकर्मक ठरत नाही. 'हॅव', 'लॅक', 'रिझेम्बल', 'कॉस्ट', 'अंगात बसणे' या अर्थाचं 'फिट' यांना थेट नाम लागतं, तरी त्यांचं पॅसिव्ह होत नाही. 'अ कार इज हॅड बाय मी' असं कोणी लिहीत नाही. शिवाय 'द साँग वॉज लिसन्ड टू' असं पॅसिव्ह होऊ शकतं, पण त्यात 'टू' मागे लोंबकळत राहतो. तो लोंबकळला की समजायचं, मूळ क्रियापदाला कर्म थेट लागत नव्हतं.

पहिल्या पायरीवर एक पोटभेद आहे आणि तिथे चांगले चांगले घसरतात. 'टर्न ऑफ द फॅन' यात 'ऑफ' प्रीपोझिशनसारखा दिसतो, पण तसा तो नाही. सर्वनाम घालून बघा: 'टर्न इट ऑफ'. 'इट' मध्ये शिरतं, 'ऑफ' मागे सरकतो. म्हणजे 'ऑफ' क्रियापदाचाच तुकडा आहे आणि 'द फॅन' हे कर्म आहे. 'लुक ॲट द फॅन'चं 'लुक इट ॲट' होत नाही, 'लुक ॲट इट' असंच राहतं. इथे 'ॲट' खरा प्रीपोझिशन, आणि 'लुक' अकर्मक. 'पुट ऑन युवर शूज' सकर्मक, 'सिट ऑन द चेअर' अकर्मक, हे याच कसोटीने सुटतं.

जास्तीचा प्रीपोझिशन: खरं मूळ 'करणे'मध्ये आहे

'डिस्कस अबाउट'चा दोष सरसकट 'मराठीच्या प्रभावा'वर ढकलला जातो. ते खरं आहे, पण तेवढ्याने दुरुस्ती होत नाही. प्रभाव नेमका कुठून शिरतो ते बघायला हवं.

मराठीत 'डिस्कस'साठी एकशब्दी क्रियापद रोजच्या वापरात नाही. आपण म्हणतो 'चर्चा करणे'. यात 'काय केली?'चं उत्तर आहे 'चर्चा'. कर्माची खुर्ची चर्चेनेच अडवली. मग ज्या प्रश्नावर चर्चा झाली त्याला बसायला जागा उरत नाही. तो 'प्रश्नावर', 'प्रश्नाबद्दल' असा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावून बाजूला उभा राहतो. इंग्रजीत 'डिस्कस' या एका शब्दात चर्चा आणि करणं दोन्ही आलं. खुर्ची रिकामी आहे, त्यामुळे 'द प्रॉब्लेम' थेट तिथे बसतो. आपण मात्र तिथेही 'बद्दल' घेऊन जातो, आणि 'अबाउट' उगवतो.

हे एकदा लक्षात आलं की पुढची यादी पाठ करावी लागत नाही, कारण सगळी उदाहरणं एकाच साच्यातली आहेत:

किल्ल्यावर हल्ला करणे: 'अटॅक द फोर्ट', 'अटॅक ऑन' नाही.
कोणाशी लग्न करणे: 'मॅरी समवन', 'मॅरी विथ' नाही.
कोणाशी संपर्क करणे: 'कॉन्टॅक्ट मी', 'कॉन्टॅक्ट टू मी' नाही.
एखाद्या गोष्टीवर भर देणे: 'एम्फसाइझ द पॉइंट', 'एम्फसाइझ ऑन' नाही.
खोलीत प्रवेश करणे: 'एंटर द रूम', 'एंटर इन्टू द रूम' नाही.
एखाद्या गोष्टीचा उल्लेख करणे: 'मेन्शन द डेट', 'मेन्शन अबाउट' नाही.
दोन चहांची ऑर्डर देणे: 'ऑर्डर टू टीज', 'ऑर्डर फॉर' नाही.

गोंधळात भर घालणारी एक गोष्ट इंग्रजीनेच करून ठेवली आहे. याच शब्दांची नामं झाली की प्रीपोझिशन परत येतो, आणि तेव्हा तो बरोबर असतो. 'अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम', 'ॲन अटॅक ऑन द फोर्ट', 'एम्फसिस ऑन ग्रामर', 'लॅक ऑफ एक्स्पिरियन्स' ही सगळी बिनचूक. क्रियापद म्हणून 'ही लॅक्स एक्स्पिरियन्स', तिथे 'ऑफ' नाही. 'अटॅक', 'ऑर्डर', 'रिक्वेस्ट', 'आन्सर', 'कॉन्टॅक्ट', 'लॅक' यांची नामं आणि क्रियापदं दिसायला एकसारखीच, म्हणून आधी विचारा: इथे हा शब्द नाम आहे की क्रियापद? 'माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर, 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' चूक. सुट्टीच्या अर्जात ही चूक इतकी रुळली आहे की वाचणाऱ्यालाही खटकत नाही. परीक्षक मात्र गुण कापतो.

दोन अपवाद ठेवून द्या. 'एंटर इन्टू ॲन ॲग्रीमेंट' हे करार करण्याच्या अर्थाने बरोबर आहे. आणि 'मॅरीड' विशेषणासारखं आलं की 'शी इज मॅरीड टू अ डॉक्टर' असा 'टू' येतो. 'विथ' तिथेही नाही.

राहून गेलेला प्रीपोझिशन

उलट बाजूला 'लिसन म्युझिक', 'वेट मी', 'रिप्लाय माय मेल', 'नॉक द डोअर', 'डिस्पोझ द गार्बेज' ही मंडळी. अकर्मक क्रियापदाला नाम थेट जोडलं, एवढाच दोष. बरोबर रूपं: 'लिसन टू', 'वेट फॉर', 'रिप्लाय टू', 'नॉक ॲट' किंवा 'नॉक ऑन', 'डिस्पोझ ऑफ'. यांना मात्र पाठांतराशिवाय इलाज नाही, कारण कोणता प्रीपोझिशन येईल हे क्रियापद स्वतः ठरवतं.

साध्या वाक्यात जो हे नीट लिहितो, तोही प्रश्नात आणि जोडवाक्यात चुकतो. 'व्हॉट आर यू लिसनिंग?' आणि 'द चेअर विच आय सॅट' अशी वाक्यं येतात. नाम वाक्याच्या सुरुवातीला गेलं की त्याच्याबरोबर प्रीपोझिशनही गेला असं वाटतं. तो गेलेला नसतो. 'व्हॉट आर यू लिसनिंग टू?', 'द चेअर आय सॅट ऑन'. तपासायचं असेल तर नाम परत मागे नेऊन साधं वाक्य करा: 'आय सॅट द चेअर' की 'आय सॅट ऑन द चेअर'?

काही क्रियापदं दोन्हीकडे चालतात आणि अर्थ बदलतात. पोलिसांनी बॅगेची झडती घेतली तर 'सर्च्ड द बॅग'. हरवलेली बॅग शोधली तर 'सर्च्ड फॉर द बॅग'. 'अटेंड द मीटिंग' म्हणजे हजर राहणं, 'अटेंड टू द पेशंट' म्हणजे लक्ष देणं. 'ही शॉट द टायगर' मध्ये वाघाला गोळी लागली. 'शॉट ॲट द टायगर' मध्ये लागली की नाही ते कळत नाही.

'एक्सप्लेन मी' आणि आपला 'ला'

'मला दे', 'मला सांग', 'मला समजाव', 'मला सुचव'. मराठीचा 'ला' या चारही ठिकाणी सारखाच बसतो. इंग्रजीत 'गिव्ह मी' आणि 'टेल मी' चालतात, 'एक्सप्लेन मी' आणि 'सजेस्ट मी' चालत नाहीत. चारही क्रियापदं सकर्मकच आहेत. फरक एवढाच की 'गिव्ह', 'सेंड', 'शो', 'टेल', 'टीच', 'लेंड', 'ऑफर' यांना व्यक्ती आणि वस्तू अशी दोन कर्मं शेजारी शेजारी घेता येतात. 'एक्सप्लेन', 'सजेस्ट', 'डिस्क्राइब', 'मेन्शन', 'से' यांना वस्तू एवढंच कर्म आणि व्यक्तीला 'टू' लावावा लागतो. म्हणून 'एक्सप्लेन द रूल टू मी', 'शी सेड समथिंग टू मी'. पॅसिव्हमध्येही 'आय वॉज एक्सप्लेन्ड द रूल' नाही, 'द रूल वॉज एक्सप्लेन्ड टू मी'.

कर्मच गायब

'पिक्चर कसा होता?' 'आवडला!' मराठीत कर्म काय किंवा कर्ता काय, संदर्भ असला की खुशाल गाळता येतो. इंग्रजीत 'आय लाइक्ड' एवढ्यावर वाक्य थांबत नाही, 'इट' हवाच. 'वी एन्जॉइड अ लॉट' हे सहलीच्या प्रत्येक निबंधात असतं. तिथे 'वी एन्जॉइड अवरसेल्व्ह्ज' किंवा 'वी एन्जॉइड द ट्रिप' पाहिजे. 'पुट'ला तर कर्म आणि जागा दोन्ही लागतात: 'पुट इट ऑन द टेबल'. नुसतं 'पुट इट' अर्धवट आहे. उलट 'ईट', 'रीड', 'राइट', 'ड्राइव्ह' यांचं कर्म गाळता येतं: 'वी एट ॲट नाइन'.

'वॉज हॅपन्ड' कुठून येतं

'गाडी आली होती' याचं 'द ट्रेन वॉज अराइव्ह्ड', 'अपघात झाला होता'चं 'वॉज हॅपन्ड'. 'होता-होती-होते' दिसलं की हात 'वॉज'कडे जातो. पण इथला 'होता' काळाचा आहे. इंग्रजीत ते काम 'हॅड' करतं: 'द ट्रेन हॅड अराइव्ह्ड'. 'वॉज'पुढे क्रियापदाचं तिसरं रूप ठेवलं की इंग्रजी वाचक ते पॅसिव्ह समजतो, आणि पॅसिव्हला कर्म हवं. अकर्मकाकडे ते नाहीच. म्हणून 'हॅपन', 'अकर', 'अराइव्ह', 'डाय', 'डिसअपिअर', 'बिलाँग', 'कन्सिस्ट' यांच्यामागे 'इज' किंवा 'वॉज' आणि पुढे तिसरं रूप असं कधीच लिहू नका. 'द टीम कन्सिस्ट्स ऑफ इलेव्हन प्लेअर्स'. 'इज कन्सिस्टेड ऑफ' नाही.

'मग ईस्टरला चर्चमध्ये क्राइस्ट इज रिझन कसं म्हणतात?' असं एखादा हुशार विद्यार्थी विचारतो. जुन्या इंग्रजीत येणं-जाणं-उठणं अशा अकर्मक क्रियापदांना 'इज' लागत असे; १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'इज कम' जागोजाग आहे. आज त्याचे अवशेष उरलेत, 'ही इज गॉन' हा त्यातलाच. त्यावरून नवी वाक्यं बनवू नयेत.

दोन्ही जातींची क्रियापदं, आणि जोड्या

'दार उघडलं' आणि 'त्याने दार उघडलं'. आपल्या व्याकरणात 'उघडणे'ला उभयविध क्रियापद म्हणतात. मराठीत अशी थोडी आहेत. बहुतेकदा आपण रूप बदलतो: फुटणे-फोडणे, शिजणे-शिजवणे, वाढणे-वाढवणे. इंग्रजीत रूप न बदलता दोन्ही कामं करणारी ढिगाने आहेत: 'ओपन', 'ब्रेक', 'बॉइल', 'बर्न', 'मेल्ट', 'ग्रो', 'इन्क्रीज', 'चेंज', 'रिंग', 'स्टॉप'. त्यामुळे 'ब्रेक हे सकर्मक की अकर्मक?' हा प्रश्न वाक्याशिवाय विचारणंच चूक. 'द कप ब्रोक' अकर्मक, 'ही ब्रोक द कप' सकर्मक. आणि कप आपोआप फुटला असेल तर 'वॉज ब्रोकन' लिहायची गरज नाही. तसं लिहिलं तर कोणीतरी फोडला किंवा आधीच फुटलेला होता असा वास येतो. 'प्रायसेस हॅव इन्क्रीज्ड' पुरेसं आहे, 'आर इन्क्रीज्ड' नको.

पडणे-पाडणे यासारख्या जोड्या इंग्रजीत मोजक्याच उरल्या आहेत, पण परीक्षेत त्याच येतात. 'फॉल, फेल, फॉलन' म्हणजे पडणे. 'फेल, फेल्ड, फेल्ड' म्हणजे झाड पाडणे. 'राइझ, रोझ, रिझन' वर येणे. 'रेझ, रेझ्ड, रेझ्ड' वर उचलणे. 'सिट' बसणे, 'सेट' ठेवणे. सगळ्यात घातक जोडी आडवं होणे आणि आडवं ठेवणे यांची. आडवं होण्याची रूपं 'लाय, ले, लेन'. आडवं ठेवण्याची 'ले, लेड, लेड'. पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ उच्चारात नि स्पेलिंगमध्ये सारखाच. कर्म बघून सोडवा: 'ही ले ऑन द बेड' यात कर्म नाही, म्हणजे काल आडवा झाला. 'दे ले ब्रिक्स' यात विटा आहेत, म्हणजे रोज रचतात. खोटं बोलण्याचं 'लाय, लाइड, लाइड' हे तिसरंच प्रकरण, त्याला यात ओढू नका.

'त्याने'वर विसंबू नका

भूतकाळात कर्त्याला 'ने' लागला की सकर्मक, हा शॉर्टकट काही क्लासेसमध्ये सांगतात. तो मराठीतच गळतो. 'तो धडा शिकला', 'ती नाव विसरली' इथे कर्म आहे, 'ने' नाही. इंग्रजी वाक्याचं मराठी करून 'ने' शोधणं म्हणजे दोनदा चुकण्याची सोय.

वहीत कसं लिहायचं

'डिस्कस म्हणजे चर्चा करणे' असं लिहिलं की चूक वहीतूनच पाठ होते. शब्द त्याच्या चौकटीसकट लिहा: 'डिस्कस समथिंग विथ समवन'. 'एक्सप्लेन समथिंग टू समवन'. 'वेट फॉर समवन'. 'पुट समथिंग समव्हेअर'. 'हॅपन टू समवन'. नव्या शब्दाची चौकट लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात, बघायची. क्रियापदापुढे सकर्मक-अकर्मकची खूण असते, काही कोशांत पूर्ण शब्द, काहींत नुसतं 'टी' (सकर्मक) किंवा 'आय' (अकर्मक), जुन्यांत 'व्ही टी' आणि 'व्ही आय'. दोन्ही खुणा असतील तर प्रत्येक अर्थाखाली वेगळी बघा, आणि खुणेपेक्षा उदाहरणाच्या वाक्यावर जास्त भरवसा ठेवा. क्रियापदांच्या अशा चौकटी कोशात देण्याची पद्धत रुजवली ती ए. एस. हॉर्नबी यांनी. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना त्यांनी केलेला कोश १९४२ मध्ये तिथेच छापला गेला. फक्त इंग्रजी-मराठी शब्दार्थ देणारा खिशातला कोश या कामाला उपयोगाचा नाही. त्यात 'करणे' असतं, चौकट नसते.

सरावासाठी भाषांतर देऊ नका. क्रियापद आणि दोन नामं द्या, वाक्य लिहून घ्या, मग त्याच वाक्याचं पॅसिव्ह आणि 'व्हॉट'ने सुरू होणारा प्रश्न करायला लावा. 'रिप्लाय, शी, मेल' दिल्यावर 'व्हॉट डिड शी रिप्लाय टू?' जमलं तर ते क्रियापद बसलं असं समजायला हरकत नाही. 'टू' गळला तर पुन्हा पहिल्या पायरीवर.